सॅडलबॅगचा पट्टा: सरकतो की ताणतो?

[दृश्य: कामठी रोड, सकाळ. धावत्या मोटारसायकलची उजवी बॅग डावीपेक्षा चार बोटं खाली.]

मोटारसायकलच्या दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या सॅडलबॅगचा पट्टा सैल दिसला की तो ओढायचा, आवळायचा आणि निघायचं, असंच बहुतेकजण करतात. पुढच्या कन्हान गावापर्यंत बॅग पुन्हा लोंबते. आवळण्याआधी पट्टा नेमका कुठे सैल पडतोय ते शोधायला हवं.

बकलला अगदी लागून पट्ट्यावर पांढऱ्या मार्करनं आडवी रेघ ओढा. नेहमीचं सामान भरा आणि १५-२० किलोमीटर चालवून बघा. रेघ बकलपासून सरकली असेल तर पट्टा निसटतोय. रेघ जागेवर आहे पण पट्टा ढिला आहे, तर एकतर आतलं सामान दबून बसलंय, नाहीतर पट्टाच ताणून लांबलाय. सामान बसलं असेल तर एकदा आवळलं की काम झालं.

[दृश्य: बकल, जवळून.]

निसटण्याचं नेहमीचं कारण म्हणजे पट्टा बकलच्या मानानं पातळ असणं. बकल दीड मिलिमीटर जाड पट्ट्यासाठीचं आणि पट्टा जेमतेम एक मिलिमीटरचा असला, तर बकलचे दात धरणार कशाला? बकल बदलायची गरज नाही. पट्ट्याच्याच रुंदीचं, तीन दांड्या आणि दोन फटी असलेलं साधं स्लायडर घ्या. बकलमधून बाहेर आलेलं पट्ट्याचं टोक पहिल्या फटीतून वर, दुसरीतून खाली आणि पुन्हा पहिलीतून वर काढा. मधल्या दांडीभोवती पट्ट्याचा पूर्ण वेढा बसतो. मग स्लायडर बकलला भिडेपर्यंत सरकवा. ते बकलमधून आत जाऊ शकत नाही, म्हणून पट्टाही अडतो. दातांवर झटपट चिकटणारा गोंद मात्र लावू नका. पट्टा कडक होतो आणि पुढे आवळताही येत नाही.

ताणलेल्या पट्ट्याची परीक्षा पाण्यात होते. टोकाचा छोटा तुकडा कापा, पाण्यात बुडवून बोटांनी दाबा, म्हणजे आतली हवा निघेल, आणि सोडा. तरंगला तर तो पॉलिप्रॉपिलीन. सतत भार असला की हा हळूहळू लांबतच जातो, आणि मे महिन्यात ४५ अंशांच्या उन्हात गाडी उभी राहिली की आणखी लवकर. ऊनही त्याला सोसत नाही. नखानं घासून भुसा निघाला तर पट्टा काढूनच टाका. बुडाला तर नायलॉन किंवा पॉलिस्टर. नायलॉन ओला झाला की लांबतो, म्हणजे ऐन जुलैत दगा. पॉलिस्टर यातला सगळ्यात भरवशाचा. २५ मिलिमीटर रुंदीचा चालतो, बॅग जड असेल तर ३८. बाजेची सुती नवार घरात पडलेली असते म्हणून लावाल, पण ती पाणी पिते आणि कुजते.

[दृश्य: मोची पट्टा शिवतोय.]

नवा पट्टा जोडताना ५ सेंटीमीटर एकावर एक ठेवा. आधी चौकोन शिवा, मग त्यात फुली. दोरा जाड पॉलिस्टरचा. सुती दोरा पट्ट्याच्या आधी संपतो. हे काम मोच्याकडे दिलेलं बरं, घरच्या मशीनची सुई मोडते. रिव्हेटसाठी भोक पाडू नका, भार पेलणारे धागे तिथेच तुटतात. कापलेलं टोक मेणबत्तीवर धरून वितळवा. गरम टोकाला बोट लावू नका, चिकटून भाजतं.

एवढं करूनही बॅग हलत असेल तर खालचा पट्टा कुठे बांधलाय ते बघा. स्विंगआर्मला, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या हलत्या दांड्याला, बांधला असेल तर दोष त्याचाच. चाक खड्ड्यात वरखाली झालं की स्विंगआर्मही हलतो, पट्टा क्षणात ढिला, क्षणात ताठ. डावीकडे साडीगार्ड आणि उजवीकडे मागच्या पायदानाचा ब्रॅकेट, या जागा फ्रेमबरोबरच राहतात. ब्रॅकेटला बांधताना पट्टा सायलेन्सरला टेकत नाही ना, हे गाडीवर बसून बघा, कारण वजनानं मागचा भाग खाली येतो. इंडिकेटरच्या दांडीला तर बांधूच नका.

सीटखालून जाणारा पट्टा पत्र्याच्या कडेवर घासतो. तिथे जुन्या सायकल ट्यूबचा तुकडा गुंडाळा. त्याच ट्यूबच्या दोन सेंटीमीटर रुंद रिंगा कापून ठेवा. उरलेला पट्टा गुंडाळून त्यांत खोचायचा, कारण लोंबतं टोक चेनमध्ये किंवा आऱ्यांत गेलं तर चाक अडकू शकतं.