रिबेकाची बाजू

श्रोतेहो, नमस्कार.

आज ज्या कादंबरीबद्दल बोलणार आहे, तिचं रहस्य मला सांगावंच लागेल. त्याशिवाय वाचक एवढे हमरीतुमरीवर का येतात ते कळायचं नाही. तेव्हा 'रिबेका' ज्यांना अजून वाचायची आहे, त्यांनी तेवढा वेळ रेडिओ खुशाल बंद ठेवावा.

डॅफ्नी द्यू मॉरिए या इंग्रज लेखिकेची ही कादंबरी १९३८ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. तेव्हा ती एकतीस वर्षांची होती. पुस्तक हातोहात खपलं आणि आजही खपतंय. गोष्ट सांगते ती एक पोरकी, बुजरी मुलगी, वय एकवीस. मॉन्टे कार्लोमध्ये एका श्रीमंत बाईच्या दिमतीला पगारावर राहिलेली. तिथे तिला बेचाळीस वर्षांचा विधुर मॅक्झिम द विंटर भेटतो, लग्न होतं आणि ती मँडर्ली नावाच्या त्याच्या भल्यामोठ्या घरात येते. त्या घरात पहिली बायको रिबेका अजून नांदते आहे. रुमालावर तिची आद्याक्षरं, लिहायच्या टेबलावर तिचं अक्षर. घरची कारभारीण मिसेस डॅनव्हर्स तिची खोली रोज झाडूनपुसून तशीच ठेवते. आणि गोष्ट सांगणाऱ्या या नव्या बायकोचं नाव मात्र शेवटपर्यंत आपल्याला कळत नाही.

आपल्याकडे बिजवराला दिलेल्या मुलीच्या वाट्याला गेलेली सवत यायची. काही घरांत त्या सवतीचा टाक देव्हाऱ्यात असायचा आणि नव्या नवरीने त्याला रोज हळदकुंकू वाहायचं. त्यामुळे जिवंत सवतीपेक्षा मेलेली सवत जड जाते, हे मराठी बाईला समजावून सांगावं लागत नाही. माझ्या आईने ही कादंबरी एका बैठकीत संपवली ती याचमुळे, असं मला वाटतं.

आता भांडणाची जागा. समुद्रात बुडालेली रिबेकाची होडी सापडते, आत तिचा सांगाडा निघतो आणि मॅक्झिम बायकोपुढे कबूल करतो, की रिबेका बुडून मेली नाही, मी तिला गोळी घातली. माझं तिच्यावर कधीच प्रेम नव्हतं. हे ऐकून त्या मुलीला काय वाटतं? तिच्या मनावरचं ओझं उतरतं. समोर खुनी बसलाय हे तिच्या डोक्यातही येत नाही. त्याचं रिबेकावर प्रेम नव्हतं, एवढंच तिला ऐकू येतं.

इथे वाचकांत उभी फूट पडते. एक पक्ष म्हणतो, रिबेका होतीच तशी. जगापुढे गोड, आत क्रूर, बाहेरख्याली. दुसऱ्याचं मूल तुझ्या घराण्याचा वारस म्हणून वाढवीन असं तिनेच त्याला डिवचलं. पुढे तर कळतं की ती गरोदर नव्हतीच, तिला कर्करोग झाला होता, आणि तिला त्याच्याच हातून मरण हवं होतं. दुसरा पक्ष विचारतो, हे सगळं सांगितलं कुणी? मारणाऱ्याने! त्या रात्री तिथे तिसरं कुणी नव्हतं. चौकशीत आत्महत्येचा निकाल लागतो. प्रतिष्ठित जमीनदार सुटतो, आणि ज्या मॅजिस्ट्रेटला बहुधा सगळं उमगलेलं असतं तोही गप्प बसतो.

मी एकोणीस वर्षांची असताना पहिल्या पक्षात होते. मॅक्झिम सुटावा म्हणून जीव मुठीत धरून वाचत होते. चाळिशीनंतर पुन्हा वाचायला घेतली, त्या कबुलीपाशी आले आणि पुस्तक मिटून ठेवलं. पुढे वाचवेना. एका बाईच्या खुनावर मी तेव्हा सुटकेचा निःश्वास टाकला होता, हे मला पहिल्यांदाच जाणवलं.

काही वाचक याला लेखिकेची फसवणूक म्हणतात. मला ते अजिबात पटत नाही. तिने काहीच लपवलेलं नाही. अडीचशेएक पानं तिने आपल्याला त्या भित्र्या मुलीच्या मनात बसवून ठेवलं, तिच्यासोबत घाबरवलं, नोकरांपुढे ओशाळवाणं केलं. कबुलीची वेळ येईपर्यंत आपण न्याय करायच्या जागेवर उरलेलोच नसतो. रिबेकाबद्दल बोलणारे सगळे एकतर तिचे भक्त किंवा वैरी. तिला स्वतःला बोलायला एकही पान मिळत नाही. ही जागा लेखिकेने मोकळी सोडली, आणि वाचक गेली कित्येक दशकं तिथेच भांडतायत.

पुस्तक प्रेमकथा म्हणून विकलं गेलं, पण लेखिका म्हणायची की हा मत्सराचा अभ्यास आहे. नवऱ्याच्या पूर्वीच्या वाग्दत्त वधूविषयीचा मत्सर तिने स्वतः अनुभवला होता. लिहायला सुरुवात केली ती इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाला. नवरा सैन्यातला, तिथे नेमणुकीवर. त्या उकाड्यात ती इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या समुद्रकाठासाठी झुरत होती. मँडर्लीत जी ओढ आहे ती तिथली.

भांडताना एक मात्र आधी विचारून घ्यावं, की समोरच्याने पुस्तक वाचलंय की सिनेमा पाहिलाय. १९४० साली हिचकॉकने त्यावर सिनेमा केला. बायकोला मारणारा नवरा शिक्षेवाचून सुटलेला तेव्हाच्या हॉलिवूडच्या नियमांना चालत नव्हता. म्हणून सिनेमात रिबेका पडते, डोक्याला मार लागून मरते. म्हणजे मुळात वादच मिटला! आपल्याकडे १९६४ साली याच गोष्टीवरचा हिंदी सिनेमा 'कोहरा' आला. त्यातली ललिता पवारांची दाईमा ज्यांनी पाहिली आहे, त्यांना मिसेस डॅनव्हर्सची धास्ती वेगळी सांगायला नको.

माझी एक मैत्रीण अजून ठामपणे मॅक्झिमच्या बाजूने आहे. ती म्हणते, शेवटी दोघं सुखी झाली ना? त्यावर मी तिला एकच विनंती केली आहे, तुम्हालाही करते. पुस्तक संपलं की लगेच पहिली दोन प्रकरणं पुन्हा वाचा. मँडर्ली जळून गेलं आहे. परदेशातल्या एका छोट्या हॉटेलात दोघं राहतायत. ती त्याला इंग्रजी वर्तमानपत्रांतल्या क्रिकेटच्या बातम्या वाचून दाखवते, आणि त्या घराची आठवण निघेल असा मजकूर आला की स्वतःशीच ठेवते. आम्ही सुखी आहोत, असं ती लिहिते. मैत्रिणीने ती प्रकरणं वाचली. तिला ते सुख वाटतं. मला नाही वाटत.

नमस्कार.