तिशी ओलांडलेला रिसीव्हर घ्यायचा की नाही? तुमच्या कॉमेंट्सना एकदाचं उत्तर

नमस्कार मंडळी! मार्च लागला की माझ्या कॉमेंट्समध्ये एकच विषय असतो. "ताई, अमुक रिसीव्हर मोकळा झालाय, आपल्या टीमने उचलायला नको का?" "ताई, बत्तिशीचा आहे, पण नाव बघा ना!" गेल्या व्हिडिओत मी पंटबद्दल, म्हणजे चेंडू लाथेने लांब मारून समोरच्या टीमला देण्याबद्दल बोलत होते, तरी खाली हीच चर्चा. म्हणून आज फक्त हे.

नव्या मंडळींसाठी एका दमात. हा अमेरिकन फुटबॉल, एनएफएल. क्वार्टरबॅक फेकतो, रिसीव्हर पळत जाऊन झेलतो, चार प्रयत्नांत दहा यार्ड काढायचे असतात, त्या प्रत्येक प्रयत्नाला डाऊन म्हणतात. मार्चच्या मध्याला ज्यांचे करार संपले ते खेळाडू मोकळे होतात. टीमच्या एकूण पगारावर मर्यादा असते, २०२५ मध्ये ती २७ कोटी ९२ लाख डॉलर होती. म्हणजे म्हाताऱ्या रिसीव्हरला दिलेला डॉलर दुसऱ्या कुठल्यातरी जागेवरून काढलेला असतो. झालं, एवढं पुरे.

माझं मत आधीच सांगते. घ्यावा. पण एकच घ्यावा, मार्च-एप्रिलमध्ये घ्यावा आणि त्याच्याकडून नेमकं कोणतं काम हवंय ते ठरवून घ्यावा. ऑक्टोबरमध्ये तीन सामने हरल्यावर घाबरून घेऊ नये. "ऑक्टोबरमध्ये का नको?" हे ज्यांना पटत नाही त्यांच्यासाठी पुढचा सगळा व्हिडिओ आहे.

[स्क्रीनवर मैदानाची आकृती]

हे नीट बघा. थर्ड डाऊन, म्हणजे तिसरा प्रयत्न, अजून सहा यार्ड हवेत. आपला रिसीव्हर आतल्या बाजूला, स्लॉटमध्ये उभा आहे. त्याला सांगितलंय, आठ यार्ड पळ आणि मग बघ. काय बघ? समोरचा डिफेंडर अंगाला चिकटून पळत असेल, म्हणजे मॅन कव्हरेज असेल, तर त्याच्यापासून लांब, बाहेरच्या बाजूला वळ. तो आपल्या जागेवर थांबून क्वार्टरबॅककडे बघत असेल, म्हणजे झोन असेल, तर दोन लाइनबॅकरच्या, म्हणजे मधल्या फळीतल्या डिफेंडरच्या मधल्या मोकळ्या जागेत थांब आणि तोंड फिरव. याला ऑप्शन रूट म्हणतात. स्नॅपनंतर, म्हणजे चेंडू क्वार्टरबॅकच्या हातात आल्यानंतर, दोन-अडीच सेकंदांत हे सगळं उरकायचं असतं.

आणि चेंडू कधी सुटतो? रिसीव्हर वळायच्या आधी! क्वार्टरबॅकने त्याच डिफेंडरकडे बघून स्वतःचा निर्णय घेतलेला असतो आणि हात पुढे आलेला असतो. दोघांनी एकमेकांशी न बोलता एकच गोष्ट ओळखायची असते. क्रिकेटमध्ये चेंडू कव्हरकडे ढकलला की जुनी जोडी हाक न मारता पळत सुटते आणि नवी जोडी मधेच अडकते, तसंच आहे हे.

माझ्या लेकीच्या फ्लॅग फुटबॉल टीमला मी इथे न्यू जर्सीत शनिवारी सराव देते. परवा त्यांना हाच रूट शिकवला. रिसीव्हर मुलगी हुशार आहे, पायही चांगले आहेत. डिफेंडर दोन पावलं मागे सरकली. आमच्या रिसीव्हरला वाटलं झोन आहे, ती थांबली. क्वार्टरबॅक मुलीला वाटलं आता ही मागे लागणार, तिने चेंडू बाहेर फेकला. चेंडू थेट कुंपणावर. दोघी एकमेकींकडे बघतायत, "अगं, मी बरोबर होते!" आणि खरं सांगायचं तर दोघींचंही बरोबर असू शकतं. मग मी दोघींना शेजारी उभं केलं आणि म्हटलं, डिफेंडरचे पाय नका बघू, तिची कंबर बघा. कंबर वळली तर ती तुझ्यामागे येणार, नाही वळली तर जागेवर राहणार. दोघींनी एकाच जागी बघायला लागल्यावर चेंडू हातात यायला लागला. दोघींचं झेलणं-फेकणं तेच राहिलं, नजर तेवढी एक झाली.

आता हीच गोष्ट एनएफएलमध्ये. ऑक्टोबर २०२४, सोमवारची रात्र, जेट्स विरुद्ध बफेलो बिल्स. जेट्स २३-२० असे मागे, सामना संपत आलेला. जेट्सचा क्वार्टरबॅक ॲरन रॉजर्स उजवीकडच्या साइडलाइनच्या अंगाने लांब फेकतो. त्यांचा रिसीव्हर माइक विल्यम्स मात्र आत वळलेला. चेंडू बिल्सच्या टॅरन जॉन्सनकडे, खेळ खल्लास. सामन्यानंतर रॉजर्सने उघड सांगितलं की विल्यम्स रेड लाइनवर असायला हवा होता. रेड लाइन म्हणजे साइडलाइनपासून थोडी आत धरलेली रेघ. लांबच्या चेंडूसाठी रिसीव्हरने त्या रेघेवर राहायचं, म्हणजे बाहेरच्या बाजूला चेंडू टाकायला जागा उरते. चूक कोणाची यावर भरपूर वाद झाला. मला त्या वादात पडायचं नाही. एकाच खेळात दोघांच्या डोक्यात दोन वेगळी चित्रं होती, माझ्यासाठी मुद्दा तेवढाच. विल्यम्स गुडघ्याच्या मोठ्या दुखापतीतून परतत होता, दोघांचा एकत्र सराव मुळातच कमी.

पुढे काय झालं ते ऐका, कारण हे कोणी सांगत नाही. नोव्हेंबरमध्ये विल्यम्स पिट्सबर्ग स्टीलर्सकडे गेला. वॉशिंग्टनविरुद्ध रसेल विल्सनने त्याच्याकडे ३२ यार्डांचा उंच चेंडू टाकला, टचडाऊन (चेंडू शेवटच्या रेघेपलीकडे नेऊन मिळणारे गुण), स्टीलर्स २८-२७ ने जिंकले. त्या टीमसाठी त्याने झेललेला तो पहिला चेंडू! तिथे ऑप्शन वगैरे काही नव्हतं. सरळ पळ, उडी मार, उंचीचा फायदा घे. खेळाडू तोच, पण काम सोपं करून हातात दिलं. मी मघाशी काम ठरवून घ्या म्हणाले, ते हे.

मला खरा राग येतो तो "दहा हजार यार्ड काढलेत त्याने, येडे आहात का?" अशा कॉमेंटचा. काढले ना! कोणत्या क्वार्टरबॅकबरोबर काढले? कोणत्या पद्धतीत काढले? चॅड ओचोसिंकोने सिनसिनाटीत दहा हंगामांत दहा हजारांहून जास्त यार्ड काढले. २०११ मध्ये तो न्यू इंग्लंडला आला, टॉम ब्रेडीकडे. अख्ख्या नियमित हंगामात झेल किती? १५. यार्ड २७६. टचडाऊन एक.

आणि चारच वर्षं आधी, तीच टीम, तोच ब्रेडी, तोच प्रशिक्षक बिल बेलिचिक. एप्रिल २००७ मध्ये त्यांनी ऑकलंड रेडर्सकडून रँडी मॉसला चौथ्या फेरीच्या एका ड्राफ्ट पिकच्या, म्हणजे नवा खेळाडू निवडायच्या हक्काच्या बदल्यात आणलं. तीस वर्षांचा मॉस, आदल्या हंगामात ४२ झेल, सगळे म्हणत होते संपला. सराव सामन्यांत मांडीच्या दुखण्याने तो उतरलाच नाही. पहिल्या खऱ्या सामन्यात जेट्सविरुद्ध १८३ यार्ड! हंगामात २३ टचडाऊन झेलले, तो विक्रम आहे. ब्रेडीने ५० फेकले, टीम नियमित हंगामात १६-० राहिली, म्हणजे १६ विजय, एकही हार नाही. सुपर बोल, म्हणजे अंतिम सामना हरले, ते दुःख न्यू इंग्लंडच्या मंडळींना मी पुन्हा देत नाही.

मॉसला जमलं आणि ओचोसिंकोला नाही, असं का? मॉस जास्त गुणी होता, हे एक कारण आहेच, ते नाकारून चालणार नाही. पण तारखा बघा. मॉस एप्रिलमध्ये आला, वसंतातला सराव त्याला मिळाला. २०११ मध्ये मालक आणि खेळाडूंच्या वादामुळे लॉकआउट होता. वसंतातला सराव झालाच नाही. ओचोसिंको जुलैच्या अखेरीस आला आणि काही आठवड्यांत हंगाम सुरू. त्यात न्यू इंग्लंडची पद्धत अशी की जवळजवळ प्रत्येक रूटमध्ये रिसीव्हरने स्नॅपनंतर कव्हरेज वाचून रस्ता बदलायचा. मघाशी आकृतीत दाखवलं तेच, पण दर डावाला. एकत्र बघायची सवय लागायला मिळाले किती दिवस, सांगा मला.

नाशिकहून एका दादांनी लिहिलंय, रविवारी रात्री साडेदहाला सामना लावून पहाटेपर्यंत बसतो, पण हे असलं काही टीव्हीवर दिसत नाही. बरोबर आहे दादा. कॅमेरा चेंडूमागे पळतो, रिसीव्हर चौकटीबाहेर असतो. पण चेंडू जमिनीवर पडल्यावर रिप्ले दाखवतात ना, तेव्हा रिसीव्हरचं तोंड कुठे आहे ते बघा. तो भलतीकडेच वळलेला असेल, तर फेक वाईट नव्हती, दोघांनी वेगळं वाचलं. आणि नोव्हेंबरपासून इथली घड्याळं मागे जातात, तेव्हा तुमच्याकडे साडेअकरा वाजणार, जेवून घ्या निवांत.

वेगाबद्दलही सारखं विचारता. "चाळीस यार्ड किती सेकंदांत?" अँक्वान बोल्डिन तरुणपणीही वेगवान नव्हता, सुमारे ४.७ सेकंद लागले होते त्याला. मार्च २०१३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोने त्याला बॉल्टिमोरकडून सहाव्या फेरीच्या पिकवर घेतलं. वय ३२. मे महिन्यात त्यांचा मुख्य रिसीव्हर मायकेल क्रॅबट्री जखमी झाला, सगळा भार बोल्डिनवर. ग्रीन बेविरुद्ध पहिल्याच सामन्यात १३ झेल, २०८ यार्ड. पुढच्या आठवड्यात सिअॅटलमध्ये एक झेल, सात यार्ड. असंही होतं. पण हंगामअखेर ८५ झेल, ११७९ यार्ड. डिफेंडर आणि चेंडू यांच्यामध्ये स्वतःचं अंग कसं घालायचं, हे त्याला ठाऊक होतं. त्याला वय लागत नाही.

जेरी राइसचं नाव कोणीतरी घेणारच, म्हणून मीच घेते. ३८ व्या वर्षी तो रेडर्सकडे गेला आणि पहिल्या दोन्ही हंगामांत हजाराच्या वर यार्ड काढले, दुसऱ्यात तर चाळिशी गाठून १२११. पण राइसवरून नियम करू नका. तसा दुसरा झाला नाही.

आता माझ्या विरोधातलं उदाहरण, कारण ते तुम्ही देणारच. ओडेल बेकहॅम ज्युनियर. ११ नोव्हेंबर २०२१ ला रॅम्सशी करार, भर हंगामात, आणि फेब्रुवारीत सुपर बोल जिंकले. मान्य. पण आकडे बघा, नियमित हंगामात २७ झेल आणि ३०५ यार्ड. तिथे कूपर कप पहिला होता, ओडेलला दुसऱ्याचं काम. करारानंतर दुसऱ्याच दिवशी सरावात रॉबर्ट वुड्सचा गुडघा गेला, त्यामुळे जागा तयार होती आणि काम स्पष्ट होतं. प्लेऑफपर्यंत, म्हणजे बाद फेरीपर्यंत, हळूहळू बसलं. सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध ११३ यार्ड, सुपर बोलमध्ये पहिला टचडाऊन, आणि मग त्याचाही गुडघा. तेच नाव २०२३ मध्ये बॉल्टिमोरने दीड कोटी डॉलरची हमी देऊन घेतलं, ५६५ यार्ड मिळाले. मला तो सौदा तेव्हाही महाग वाटला होता, आजही वाटतो.

वेळेवर घेतलेलं उदाहरण हवं तर स्टीफन डिग्ज. ऑक्टोबर २०२४ मध्ये ह्यूस्टनमध्ये गुडघा फाटला, तरी मार्च २०२५ मध्ये न्यू इंग्लंडने घेतला. तरुण क्वार्टरबॅक ड्रेक मेला थर्ड डाऊनला जागेवर सापडणारा माणूस हवा होता. त्याच हंगामात ३२ वर्षांचा झाला, तरी हजाराच्या वर यार्ड.

शेवटी जेट्स, कारण माझ्या आजूबाजूला सगळे जेट्सवाले आणि त्यांचं दुःख मला भिंतीपलीकडून ऐकू येतं. रेड लाइनच्या त्या रात्रीनंतर दुसऱ्याच दिवशी त्यांनी डावांते ॲडम्सला आणलं. आणि मंडळी, मी आत्तापर्यंत ज्याचा जप करतेय ती नजर तर यांची एकच होती! ग्रीन बेमध्ये रॉजर्स आणि ॲडम्स आठ हंगाम एकत्र खेळलेले. ॲडम्सने काम केलंही, ११ सामन्यांत ८५४ यार्ड, सात टचडाऊन. टीम? तो आला तेव्हा २-४, त्यानंतर ३-८, एकूण ५-१२. प्रशिक्षक रॉबर्ट सालेला आठवडाभर आधीच काढलेलं. मार्चमध्ये ॲडम्सलाही सोडलं. रिसीव्हर चालला, ऑफेन्स, म्हणजे आक्रमणाची अख्खी फळी, नाही चालली. दुखणं दुसरीकडे होतं.

म्हणून "ऑफेन्स सुधारायला रिसीव्हर घ्या" असं लिहिण्याआधी तुमच्या टीमचे थर्ड डाऊन बघा. क्वार्टरबॅक पाठीवर पडतोय का? मग रिसीव्हरचा काही उपयोग नाही, क्वार्टरबॅकला वाचवणारी ऑफेन्सिव्ह लाइन दुरुस्त करा. त्याला वेळ मिळतोय, तो चेंडू धरून उभा आहे आणि मोकळा कोणीच होत नाहीये? तेव्हा जुना माणूस शोधा. एकच. चौथा-पाचवा रिसीव्हर म्हणून नका घेऊ. त्या जागेवरच्या पोराला किकऑफ आणि पंटवर पळावं लागतं, टॅकल करावं लागतं. चौतिशीचा गडी ते करत नाही आणि ५३ जणांच्या यादीतली एक जागा फुकट अडते.

खाली तुमची टीम लिहा. नुसतं नाव नको, काम लिहा. थर्ड डाऊनला सहा यार्ड हवेत तेव्हा कोण, गोल लाइनजवळ कोण, आणि त्यासाठी कोणाचे स्नॅप, म्हणजे मैदानावरचे डाव, कमी करणार. त्यातली काही उदाहरणं पुढच्या आठवड्यात आकृतीसकट घेते. ज्यांनी ऑफेन्सिव्ह लाइनवर व्हिडिओ मागितलाय, तो त्याच्यानंतर.