ताम्हणाची फांदी कधी छाटावी

हिमाचलात वसंतात फुलणारा शोभेचा प्लम कोल्हापुरात लावायचा मोह आवरावा. त्याच्या कळीला 7 अंशांखालचे शेकडो तास लागतात. आपल्याकडे जानेवारीतही रात्रीचा पारा साधारण 14-15 अंशांवरच राहतो. अंगणात फुलांचं झाड हवं असेल, तर सह्याद्रीतल्या ओढ्याकाठचा आपला ताम्हण लावावा. तो महाराष्ट्राचं राज्यपुष्प आहे.

जागा पूर्ण उन्हाची हवी. सावलीत झाड वाढतं, पण बहर विरळ येतो. भिंतीपासून 15 फूट लांब, विजेच्या तारा टाळून, मे महिन्यात दोन फूट लांब-रुंद-खोल खड्डा काढून तापू द्या. जूनचे पहिले चांगले पाऊस झाले की मातीत एक तृतीयांश कुजलेलं शेणखत मिसळून रोप लावा. पिशवीत मुळं गोल वळली असतील तर ती मोकळी करा; नाहीतर ती तशीच गुंडाळत जातात आणि झाड वाऱ्यात डुलतं.

पंचगंगेकाठच्या काळ्या मातीत ओल टिकते. पन्हाळा, शाहूवाडीकडच्या जांभ्यात मात्र पाणी लगेच निचरून जातं. तिथे पहिली दोन-तीन वर्षं उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा 15-20 लिटर पाणी द्या आणि आळ्यावर उसाचं पाचट चार बोटं जाड पसरा. पाचट खोडाला चिकटू देऊ नका, तिथे वाळवी लागते.

आता बहरातल्या ताम्हणाची फांदी पाहा. तुरा आलाय तो यंदाच्या नव्या फुटीच्या टोकाला. सगळी गोम इथे आहे. छाटणी पानगळीनंतर, नवी फूट निघण्याआधी, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीतच करायची. वाळलेल्या, एकमेकींना घासणाऱ्या फांद्या काढा, शेंडे सरसकट मारू नका. पावसाळ्याआधी म्हणून एप्रिल-मेमध्ये कोयता चालवला, की कळ्याच फांदीसकट जातात. इतक्या देखण्या झाडाचा बहर असा वाया गेलेला पाहवत नाही.

युरियाही नको; पानं माजतात, फुलं घटतात. पावसाळ्याच्या तोंडाला दोन घमेली शेणखत पुरे. कोवळ्या फुटीवर मावा आला तर 5 टक्के निंबोळी अर्क संध्याकाळी फवारा. पानांवर काळी काजळी दिसली, तर ती बहुधा किडीच्या चिकट स्रावावर वाढलेली असते. आधी कीड आवरा, काजळी मग थांबते.

बियांपासून वाढवलेलं झाड फुलायला काही वर्षं घेतं. त्या काळात फक्त उन्हाळ्यातलं पाणी चुकवू नका.