धावेवर वाकवलेली सायकल

(दृश्य : पहाट. अंबड तालुक्यातलं गोदाकाठचं गाव. गोठ्यातून दुधाच्या कॅनांचा आवाज.)

आमच्या अण्णांनी उभी हयात सायकलवर दूध घातलं. काळी, उंच, २८ इंची चाकांची सायकल. टांग मारायची, दोन्ही बाजूंचे कॅन सावरायचे आणि निघायचं. या सायकलवर बसल्याजागी पाय जमिनीला टेकत नाहीत. थांबायचं म्हणजे उतरायचं, निघायचं म्हणजे पुन्हा टांग मारायची. डेअरीपर्यंतच्या वाटेवर अण्णा निदान दहा वेळा थांबायचे. कुणाला रामराम, कुणाची चौकशी, कुणाच्या म्हशीचं काय झालं.

दोन वर्षांपूर्वी त्यांचा उजवा गुडघा गेला. डॉक्टरांनी चालायला काठी दिली आणि टांग मारणं कायमचं बंद केलं. मी म्हटलं, गाडी घेऊ. नको म्हणाले. सायकल गोठ्याच्या भिंतीला टेकून उभी राहिली, आणि अण्णा तिच्याकडं न बघता काठी टेकत पुढं जायला लागले. मला ते बघवेना.

मी जालन्याच्या एमआयडीसीत फिटर आहे. लोखंड हाताखालून रोज जातं. त्यातलंच थोडं वाकवून अण्णांना टांग न मारता चालवता येईल अशी सायकल करायची, एवढंच मनात होतं.

(दृश्य : अंगणात, सारवलेल्या जमिनीवर खडूनं काढलेली सायकल, खऱ्या मापाची.)

मला हवी होती ती क्रूझर. हा प्रकार अमेरिकेतला. १९३३ साली शिकागोच्या श्विन कंपनीनं २६ इंची, दोन इंचांहून थोड्या जाड टायरची सायकल बाजारात आणली. रुंद, मागं वळलेलं हँडल, ताठ बसायची सीट, जड बांधणी. टायरमध्ये हवा कमी, म्हणून खडबडीत रस्त्याचा दणका टायरच खातो. पुढं काहींनी तिच्यात अजून एक बदल केला: पायडल सीटच्या खाली न ठेवता पुढं सरकवलं. त्यानं सीट खाली घेता येते, गुडघा पुरता मोकळा होतो आणि सीटवर बसल्या-बसल्या दोन्ही तळवे जमिनीला टेकतात. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. अण्णांना नेमकं एवढंच पाहिजे होतं.

अशी सायकल आपल्याकडच्या दुकानात सहजी मिळत नाही. तिचे भाग तर नाहीतच. म्हणून भंगार.

जुने लोक म्हणतात, जालना सोने का पालना. आता त्या पाळण्यात लोखंड निजतं. भट्ट्यांमध्ये भंगार वितळतं आणि सळई होऊन बाहेर पडतं. मोडक्या सायकली याच वाटेनं जातात. भट्टीत जायच्या आधी ढिगातून मी तीन सायकलींचे अवशेष उचलले. एकीचं पायडलचा आस फिरतो ते कवच, एकीची हँडलची नळी, म्हणजे हँडलचा दांडा जिच्यात फिरतो ती, कप-छर्र्यांसकट, आणि पोरांच्या गिअरच्या सायकलीच्या दोन रिंगा.

त्या रिंगा मुद्दाम घेतल्या. २६ इंच म्हटलं म्हणजे सगळी २६ इंच सारखी असतात, असा समज आहे, आणि त्यापायी लोकांचे पैसे वाया जातात. टायरची कड जिथं बसते तो व्यास बघायचा. २६ बाय १ ३/८ इंचांच्या पातळ टायरचा व्यास ५९० मिलिमीटर. गिअरच्या सायकलीचा ५५९. आपल्या २८ इंचीचा ६३५. क्रूझरचा जाड टायर ५५९ वरच बसतो, कारण गिअरची डोंगरी सायकल जन्मली तीच मुळी जुन्या क्रूझरमधून. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातली पोरं या जुन्या जड सायकली घेऊन टमाल्पाइस डोंगरावरून खाली सुटायची. चाकाचं माप तिथूनच पुढं आलं.

(दृश्य : गावातलं लोहारकाम. भाता, ऐरण. भिंतीला टेकलेली बैलगाडीची जुनी धाव.)

आता पाइप. एक इंची, १६ गेजचा. चौकटीच्या दोन्ही लांब नळ्या मला खोल कमानीत वाकवायच्या होत्या, म्हणजे पाय न उचलता आत शिरता येईल. पाइप नुसता वाकवला तर तो चपटतो, वळणावर चुणी पडते. कारखान्यातलं बेंडिंग मशीन लहान वळणाचं. मी आमच्या लोहारकाकांकडं गेलो.

काकांनी गाडीची चाकं केली तो काळ मी लहानपणी शेवटचा-शेवटचा पाहिलाय. मधे तुंबा, त्यात आरे, बाहेर पाटे, आणि सगळ्याला आवळून धरणारी लोखंडी धाव. धाव तापवून लाल करायची, चिमट्यांनी चौघांनी उचलून चाकावर बसवायची आणि पाणी मारायचं. ती आखडते आणि लाकडाचे सगळे सांधे करकचून मिटतात. आता गाड्यांना रबरी टायर आले, धाव भिंतीला टेकून राहिली.

काकांनी माझं खडूचं चित्र पाहिलं. म्हणाले, "कामून मशीन शोधायलास? ही काय गोल हाय की."

चौकटीच्या नळ्या आम्ही त्या धावेवर वाकवल्या. या सायकलीची कमान ही आमच्या शिवारातल्या बैलगाडीच्या चाकाची कमान आहे. मला या गोष्टीचा जितका आनंद आहे तितका दुसऱ्या कशाचाच नाही.

पाइप चपटू नये म्हणून आत वाळू ठासून भरतात आणि दोन्ही तोंडांना लाकडी गुट्ट्या मारतात. चौकट थंडच वाकली. हँडलचं वळण लहान, ते तापवूनच करावं लागतं. पहिल्या वेळी मी गोदावरीची वाळू उन्हात वाळवली आणि भरली. वरून कोरडी दिसत होती. पाइप लाल व्हायला लागला तसं आतल्या ओलाव्याची वाफ झाली आणि गुट्टी बंदुकीच्या गोळीसारखी सुटून छपराच्या पत्र्याला लागली. पत्र्याला पोचा आला. तोंडासमोर कुणी उभं असतं तर? हे कुणी करणार असेल तर कळकळीनं सांगतो: वाळू फुटाण्यांच्या भट्टीसारखी कढईत भाजून घ्या, आणि पाइपाच्या तोंडासमोर कधीही उभं राहू नका.

(दृश्य : झाळकाम. टाकणखाराची पांढरी पूड, पितळेची काडी, निळी ज्योत.)

जाड सांधे मी आर्क वेल्डिंगनं केले. पातळ ठिकाणी आर्कनं भोक पडतं, तिथं पितळेनं झाळलं. सांध्याला टाकणखार लावायचा, लोखंड तापवायचं, आणि काडी टेकवली की पितळ स्वतःहून फटीत ओढलं जातं. लोखंड वितळत नाही, म्हणून पाइपाची ताकद टिकते. एक पाइप दुसऱ्यावर बसतो तिथं तोंड अर्धगोल कापून, कानशीनं घासून, उजेड दिसणार नाही इतकं जुळवलं. सांध्यात फट असली तर ती पितळानं भरता येते, पण तो सांधा टिकत नाही.

आणि मग चिमट्यानं, म्हणजे पुढच्या फोर्कनं, मला दोन महिने मागं नेलं.

फोटोतल्या क्रूझर बघून मी पुढचं चाक ऐटीत लांब टाकलं होतं. हँडलची नळी जमिनीशी ६० अंशांत. सायकल दिसायला राजासारखी. जोरात पळवली तर रेषेत जायची. पण वेग कमी करून गल्लीत वळवली की हँडल आपोआप एका बाजूला कोसळायचं. दुधाचे कॅन लावलेले, गुडघा अधू, आणि हँडल कोसळतंय. अण्णांना मी ती दाखवलीसुद्धा नाही.

पुढच्या आसातून ओळंबा सोडला, तो टेकला तिथं खडूची खूण. हँडलच्या नळीच्या रेषेत सुतळी ताणून जमिनीपर्यंत आणली, दुसरी खूण. दोन खुणांमधलं अंतर १२ सेंटिमीटरच्या वर भरलं. याला ट्रेल म्हणतात. चाक जिथं जमिनीला टेकतं ती जागा हँडलच्या रेषेच्या मागं राहते, म्हणून चाक फरपटत आल्यासारखं सरळ धावतं. कारखान्यातल्या ट्रॉलीचं चाक ढकलल्यावर गिरकी घेऊन मागं जातं, तेच तत्त्व. पण नळी फार आडवी झाली आणि हे अंतर वाढलं, की हँडल जरा वळताच सायकलीचं तोंड खाली बसतं आणि स्वतःच्या वजनानं वळतच जातं.

चौकट कापली. नळी ६८ अंशांवर उभी केली. फोर्कचा पुढचा बाक ६ सेंटिमीटर होता, तो तसाच ठेवला. पुन्हा ओळंबा, पुन्हा सुतळी. अंतर ७ सेंटिमीटर. या वेळी काका स्वतः सायकल हातात धरून अंगणभर फिरले आणि म्हणाले, "आता ऐकायली."

(दृश्य : चेन, ब्रेक, चाक फिरताना. दुकानात आउट काढणारे हात.)

एक भाग हलवला की शेजारचा हाक मारतो. पायडल ६ इंच पुढं गेलं, म्हणजे चेन वरून ६ आणि खालून ६ इंच वाढली. चेनचा एक पल्ला अर्धा इंच. म्हणून २४ पल्ले जास्त. दोन चेनी जोडून एक केली. जाड टायरला चेन घासायला लागली, तर पायडलचा आस लेथवाल्या भाऊंकडून लांब करून घेतला. वाळूजला १९८५ साली बजाजचा कारखाना आला, त्याच्या अवतीभवती सुटे भाग करणारी युनिटं उभी राहिली. भाऊ तिथंच हात घडवून परत आलेले. त्यांनी मायक्रोमीटर लावून दिला, पैसे मात्र घेतले नाहीत.

मागचा हब विकत आणला. पायडल उलटं दाबलं की ब्रेक लागतो असा. हबाला एक लोखंडी पट्टी असते, ती चौकटीला बांधावीच लागते, नाहीतर ब्रेक लागताच हबाबरोबर फिरते. त्या पट्टीसाठी पत्र्याचा पट्टा घरीच वाकवला. कॅलिफोर्नियात डोंगरावरून उतरताना याच ब्रेकमधलं ग्रीस जळून जायचं, दर फेरीनंतर नवं भरावं लागे, आणि त्यावरून त्यांच्या शर्यतीचं नावच रीपॅक पडलं. आमच्याकडं तसा उतार नाही. पण चेन पडली तर हा ब्रेक गेलाच, म्हणून पुढं हाताचा ब्रेक वेगळा.

बाकीचं सामान अण्णांच्या दिवसातून आलं. कॅनसाठी ८ मिलिमीटरच्या साध्या सळईचं कॅरिअर, मुद्दाम खाली टाकलेलं, म्हणजे वजन चाकाच्या आसाजवळ राहतं. काठीसाठी मागच्या नळीला दोन कड्या, आतून ट्यूबचं अस्तर, खडखड होऊ नये म्हणून. हँडलच्या मुठी बाभळीच्या, २२ मिलिमीटर भोक पाडलेल्या. सीटवर घोंगडीचा तुकडा. टायर आणि ट्यूबच्या मधे जुन्या टायरची पट्टी, कारण वेड्या बाभळीचा काटा टायरची जाडी विचारत नाही. मडगार्ड टायरपासून दोन बोटं वर. ज्यानं पावसात काळ्या मातीची वाट तुडवलीय त्याला कारण सांगायला नको. चिखल मडगार्डात गच्च बसला की चाक फिरतच नाही, आणि माणूस सायकल खांद्यावर घेऊन घरी येतो.

(दृश्य : डेअरीसमोर. सकाळ. कॅमेरा जमिनीलगत.)

अण्णांनी काठी कड्यांत अडकवली. कमानीतून पाय आत नेला आणि बसले. काही बोलले नाहीत. पहिल्या वळणावर मी श्वास रोखून पाहत होतो. हँडल ऐकत होतं.

डेअरीच्या दारात त्यांचे दोघं सोबती उभे होते. अण्णांनी पायडल उलटं दाबलं. दोन्ही वहाणा धुळीत टेकल्या. कॅन पोरानं काढून नेले, फॅट लागलं, पावती आली, मग म्हशीचा विषय निघाला, मग पावसाचा. अण्णा बोलत राहिले. उतरले नाहीत.