दोन पानं घेऊन जा

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, साठ पानांचा इंग्रजी अहवाल शेवटच्या आठवड्यात मार्गदर्शकांपुढं ठेवलात, तर ते शुद्धलेखनाच्या खुणा करतील. दुसरं काही करण्याची वेळच उरलेली नसते. म्हणून विषय मंजूर झाला की पंधरवड्यात दोन पानं लिहा आणि वर तीन प्रश्न घालून घेऊन जा. ‘सर, बघून सांगा’ म्हटलं की उत्तरही ‘बरं आहे’ एवढंच मिळतं. ‘दुसऱ्या परिच्छेदातला दावा या आकड्यांवर टिकतो का?’ असं विचारलंत, तर समोरच्याला पेन उचलावंच लागतं.

मदत कुणाकडं मागायची, हेही ठरवा. मांडणी मार्गदर्शकांना दाखवा, वाक्यरचना इंग्रजीच्या प्राध्यापकांना. संदर्भ शोधायला ग्रंथपालांकडं जा. ग्रंथपालांकडं आपली मुलं फक्त पुस्तक परत करायला जातात, याचं मला फार वाईट वाटतं. ‘शोधगंगा’वर देशभरातले पीएचडीचे प्रबंध फुकट वाचता येतात. तिथं आपल्या विषयाचे तीन प्रबंध उघडा आणि आधी त्यांच्या संदर्भसूच्या वाचा.

आता चोरीचं बोलू. मराठी माध्यमातून आलेली मुलं उचलेगिरी करतात ती बहुतेक भीतीपोटी. पुस्तकातलं इंग्रजी वाक्य आपल्यापेक्षा चांगलं वाटतं, मग त्यातले चार शब्द बदलून ते उतरवलं जातं. सांगाडा तोच राहतो आणि साम्य शोधणाऱ्या सॉफ्टवेअरला तो सापडतो. यावर उपाय असा: परिच्छेद दोनदा वाचा, पुस्तक मिटा, शेजारच्या मैत्रिणीला तो मराठीत सांगा. जे सांगितलंत तेच इंग्रजीत लिहा, वाक्यं लहान ठेवा. मग पुस्तक उघडून आकडे आणि नावं ताडून बघा, आणि पान क्रमांक तिथल्या तिथं टिपा. रात्री टिपू म्हटलं की ते पान पुन्हा सापडत नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाचे 2018 चे नियम प्रबंध-लघुप्रबंधांना लागू आहेत. साम्य 10 टक्क्यांपर्यंत असेल तर कारवाई नाही. 10 ते 40 मध्ये आलात तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यावं लागतं, 40 ते 60 ला वर्षभर सादरच करता येत नाही, आणि 60 च्या वर नोंदणी रद्द होते. श्रेय देऊन घेतलेली अवतरणं आणि संदर्भसूची यात मोजत नाहीत.

आपल्या बेळगाव भागात आणखी एक खड्डा आहे. साधनं तीन भाषांत असतात: कानडी दप्तर, मराठी वर्तमानपत्र, इंग्रजी गॅझेटियर (जिल्ह्याचा सरकारी माहितीग्रंथ). कानडीतला उतारा इंग्रजीत आणून मूळ न सांगता वापरलात, तर सॉफ्टवेअरला कदाचित कळणार नाही. तरी ती चोरीच. मलप्रभा नदी कणकुंबीजवळ उगम पावते, याला संदर्भ लागत नाही, ते सगळ्यांना माहीत आहे. कणकुंबीत अमुक वर्षी किती पाऊस झाला, याला लागतो.

आणि गावाचं नाव. 1 नोव्हेंबर 2014 पासून बेळगावचं इंग्रजीतलं अधिकृत नाव बेळगावी झालं. पण म्हणून कुणी सूचीतल्या 1884 च्या बेळगाव गॅझेटियरचंही नाव बदलू नका. ग्रंथाच्या मुखपृष्ठावर जे छापलंय तेच लिहायचं, नाहीतर तो ग्रंथ शोधणाऱ्याला मिळत नाही. तुमच्या मजकुरात आजचं नाव आलं, तर पहिल्या उल्लेखाला कंसात जुनं द्या.