कधीच न थांबणारा कारखाना आणि पिगीची गिटार

मंडळी, आपल्या बेळगावात 'इंडाल' म्हटलं, म्हणजे अॅल्युमिनियमचा कारखाना, की पत्ता सांगावा लागत नाही. तुमच्यापैकी कुणाच्या वडिलांनी, कुणाच्या काकांनी तिथं नोकरी केली असेल. राधानगरीकडच्या डोंगरातलं बॉक्साइट इथं येतं, हेही तुम्हाला ठाऊक आहे. या इंडालची मोठी मालकी २००० सालापर्यंत कॅनडाच्या अल्कॅन कंपनीकडे होती. आज ज्या गावाबद्दल बोलायला मी उभा आहे, ते गावही त्याच अल्कॅनचं. त्यामुळे विषय व्हॉयव्हॉड या हेवी मेटल, म्हणजे कडक रॉक संगीत वाजवणाऱ्या बँडचा असला, तरी हे गाव तुम्हाला अगदीच परकं वाटू नये.

क्युबेक शहरातून उत्तरेला निघालं की सुमारे दोनशे किलोमीटर नुसतं जंगल लागतं. ते ओलांडल्यावर सागने नदीचं खोरं येतं आणि तिथं जाँकियेर. हिवाळ्यात पारा शून्याखाली तीस अंशांपर्यंत उतरतो. शेजारची अर्विदा ही वसाहत १९२६च्या सुमारास कंपनीनंच उभारली, आणि कंपनीचे अध्यक्ष आर्थर व्हायनिंग डेव्हिस यांच्या नावातली आद्याक्षरं जोडून तिचं नाव ठेवलं. १९७५ साली ती जाँकियेरमध्ये सामील झाली. बॉक्साइट यायचं समुद्रमार्गे, दूर ब्रिटिश गियानाहून. मग कारखाना इतक्या उत्तरेला का? तर नदीच्या विजेसाठी. अॅल्युमिनियम काढायला वीज अफाट लागते. दुसऱ्या महायुद्धात विमानांसाठी धातू हवा होता, तेव्हा पाश्चात्त्य जगातला अॅल्युमिनियमचा सगळ्यात मोठा कारखाना या आडगावात होता.

या कारखान्याचं काम कसं चालतं ते जरा सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. बॉक्साइटपासून काढलेली अॅल्युमिनाची पांढरी भुकटी साडेनऊशे अंशांच्या आसपास तापलेल्या रसात विरघळवतात आणि त्यातून प्रचंड वीजप्रवाह सोडतात. धातू तळाशी साठतो. ज्या भट्टीत हे चालतं तिला पॉट म्हणतात, आणि असे शेकडो पॉट ओळीनं मांडलेले असतात. वीज काही तास गेली तर आतला रस गोठतो आणि पॉट निकामी होतो. म्हणून असा कारखाना रात्री थांबत नाही, सणाला थांबत नाही. गावातलं पोर जन्मल्यापासून ती घरघर ऐकत मोठं होतं.

अशा पोरांपैकी एक मिशेल लांजव्हाँ, टोपणनाव अवे. लहानपणी ऐकलेला कारखान्याचा हा आवाज आपल्या संगीतात उतरला, असं त्यानं मुलाखतींतून सांगितलंय. तो ड्रम वाजवायचा आणि चित्रं काढायचा. १९८२ साली जाँकियेरमध्ये चौघं जमले: ड्रमवर अवे, गिटारवर दनी दामूर म्हणजे पिगी, बासवर जाँ-ईव्ह तेरियो म्हणजे ब्लॅकी, आणि गायला दनी बेलांजे म्हणजे स्नेक. पिगी तेविशीचा, बाकीचे त्याच्याहून लहान. बँडचं नाव व्हॉयव्हॉड. हा शब्द स्लाव्ह भाषांतला, अर्थ सरदार, फौजेचा म्होरक्या. अवेच्या चित्रांत व्हॉयव्हॉड हे एक पात्रच आहे: सगळं जळून गेल्यानंतरच्या जगातला, हाडं आणि यंत्रं एकमेकांत मिसळलेला योद्धा. बँडच्या अल्बमांची मुखपृष्ठं तो आजवर स्वतः काढत आलाय.

पहिला अल्बम 'वॉर अँड पेन' १९८४चा. मेटालिका या अमेरिकेतल्या गाजलेल्या मेटल बँडचा पहिला अल्बम त्याच्या आदल्याच वर्षीचा, म्हणजे ही मंडळी मागाहून आलेली नाहीत. पण त्या काळाचा इतिहास सांगणारे सॅन फ्रान्सिस्को, न्यू यॉर्क, फार तर जर्मनी एवढ्यावर थांबतात. फ्रेंच बोलणाऱ्या, इंग्रजी जेमतेम येत असूनही इंग्रजीत गाणाऱ्या चार पोरांना त्या गोष्टीत एखादं वाक्य मिळतं. मला ते सलतं. आणि ते का सलतं, हे पिगीची गिटार ऐकवल्याशिवाय कळायचं नाही.

इथं गाण्याची जाण असलेली माणसं बसली आहेत, म्हणून आपल्याच भाषेत सांगतो. हेवी मेटलचा गिटारवादक बहुतेक वेळ दोनच स्वर धरतो: षड्ज आणि पंचम. तंबोऱ्याची जोडी. त्यामागे कारण आहे. अॅम्प्लिफायर मुद्दाम फाडून वाजवला की दोन स्वरांतून आणखी स्वर निर्माण होतात. सा आणि प असले तर ते नवे स्वरही जुळतात, आवाज भरदार होतो. तिसरा स्वर घातला की चिखल होतो. म्हणून सगळे सा-प धरून चालतात.

पिगीनं पंचम सोडला. त्यानं षड्जाशेजारी तीव्र मध्यम ठेवला, कधी कोमल ऋषभासारखा अगदी खेटून बसणारा स्वर ठेवला, आणि हे वरच्या, बारीक तारांवर वाजवलं. फाटलेल्या आवाजात असे स्वर एकमेकांवर घासतात, घोंगावतात. तीव्र मध्यम मेटलमध्ये नवा नव्हता. ब्लॅक सॅबथ या बँडनं १९७० सालीच तो वापरला होता, पण तिथं तो एकेक स्वर सुटा येतो, भीती दाखवतो आणि जातो. पिगी त्यातच घर करतो. मारवा ऐकताना पंचम नाही म्हणून जी हुरहूर लागून राहते, कुठं टेकावं कळत नाही, तशी अवस्था. मारव्याचं आणि त्याचं नातं काही नाही, हे मी फक्त तुमच्या कानाला ओळख पटावी म्हणून सांगतोय. त्याचा ओढा बार्टोक, स्ट्राविन्स्की हे पाश्चात्त्य संगीतकार आणि किंग क्रिमसन हा रॉक बँड यांच्याकडे होता. मला विचाराल तर त्या दशकात मेटलच्या गिटारवर याहून मोठा शोध कुणी लावला नाही.

१९८५मध्ये ते माँट्रियलला गेले. 'किलिंग टेक्नॉलॉजी' (१९८७) आणि 'डायमेन्शन हात्रॉस' (१९८८) हे अल्बम बर्लिनमध्ये ध्वनिमुद्रित झाले, तेव्हा भिंत अजून उभी होती. या दोन अल्बमांत यंत्राची घरघर आणि पिगीचे स्वर एकजीव झालेत. 'किलिंग टेक्नॉलॉजी'तल्या 'ओव्हररिअॅक्शन'मध्ये अणुभट्टीचा अपघात आहे, आणि चेर्नोबिल आदल्याच वर्षी झालेलं. १९८९चा 'नथिंगफेस' अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत ११४व्या क्रमांकापर्यंत गेला. १९९०च्या दौऱ्यात मुख्य बँड व्हॉयव्हॉड होता आणि त्यांच्या आधी वाजवायला होते साउंडगार्डन आणि फेथ नो मोअर. थोड्याच काळात ते दोघं जगभर गाजले. व्हॉयव्हॉड मात्र दर अल्बमला नवी वाट धरत राहिला, आणि ऐकणाऱ्यांना जे एकदा आवडलं ते पुन्हा मिळेना. मी याला त्यांची चूक मानत नाही.

नव्वदीचं दशक कठीण गेलं. आधी ब्लॅकी गेला, मग स्नेक. १९९८मध्ये जर्मनीत गाडीचा अपघात झाला, त्यात तेव्हाचा गायक-बासवादक एरिक फॉरेस्ट जबर जखमी झाला. २००२मध्ये स्नेक परतला आणि बासवर आला जेसन न्यूस्टेड, मेटालिका नुकताच सोडलेला. ज्यांच्यामागे हे झाकले गेले, तिथलाच माणूस यांच्यात येऊन बसला.

मग पिगीला आतड्याचा कर्करोग निघाला. २६ ऑगस्ट २००५ रोजी तो गेला, वयाच्या ४५व्या वर्षी. नव्या गाण्यांची गिटार तो आपल्या लॅपटॉपवर ध्वनिमुद्रित करून ठेवत आला होता, आणि तिचं पुढे काय करायचं हे जाण्याआधी सोबत्यांना सांगून गेला. एरवी बँडमध्ये ड्रम आधी वाजतात, गिटार त्यावर चढते. इथं उलटं झालं. अवेनं तयार गिटार कानात घेऊन तिच्याबरोबर ड्रम वाजवले. पिगीचा हात जिथं किंचित पुढे धावलाय तिथं त्यालाही धावावं लागलं, कारण आता हात मागे घ्यायला पिगी नव्हता. स्नेक त्यावर गायला. त्यातून २००६मध्ये 'काटोर्झ' आला.

फायलींचा साठा तेवढ्यात संपला नव्हता. २००८मध्ये दानिएल माँग्रँ हा नवा गिटारवादक बँडबरोबर मंचावर उभा राहू लागला. लहानपणापासून पिगीचे स्वर ऐकून वाढलेला हा माणूस. २०१९मध्ये 'द वेक'साठी बँडला कॅनडाचा जूनो पुरस्कार मिळाला, त्या अल्बमवर गिटार त्याची आहे. पण २००९ साली 'इन्फिनी' निघाला, तेव्हा उरलेल्या फायलींतली गिटार कुणी नव्यानं वाजवली नाही. पिगीला जाऊन जवळजवळ चार वर्षं झाली होती, आणि 'इन्फिनी'वर गिटार त्याचीच आहे.