मूठभर तांदळातून उभी राहणारी चर्चेस

हे आयझॉलमधलं एक मिझो घर. बाईने भातासाठी तांदूळ मोजून घेतले, आणि आता धुवायच्या आधी बघा, त्यातलीच एक मूठ उचलून तिने शेजारच्या डब्यात टाकली. सकाळी एकदा, संध्याकाळी परत एकदा. मिझोराममध्ये याला बुहफाई थाम म्हणतात, म्हणजे मूठभर तांदूळ, बस. गोव्यात पणजीला मूठमूठ तांदूळ जमवून शाळा चालवणाऱ्या मुष्टिफंडची गोष्ट ज्यांना माहितीये त्यांना हे काही परकं वाटायचं नाही. घरात जे शिजणारे त्यातलंच थोडं आधी काढून ठेवायचं.

डबा भरला की मंडळीतल्या, म्हणजे त्या चर्चच्या सभासदांतल्या, बायका घरोघरी जाऊन तांदूळ गोळा करतात, चर्चमध्ये आणतात, मोजतात आणि विकतात, आणि खूपदा विकत घेणारे पण मंडळीतलेच असतात. आलेला पैसा प्रेस्बिटेरियन सिनॉडकडे, म्हणजे या पंथाच्या चर्चेसच्या मध्यवर्ती सभेकडे जातो आणि त्यातून सुवार्तिकांचे, म्हणजे ख्रिस्ती धर्मप्रचारकांचे, पगार निघतात, नवीन ठिकाणी प्रार्थनेची जागा उभी राहते. आज ही रक्कम वर्षाला कोटींमध्ये जाते. कोटींमध्ये, आणि ती पण असल्या राज्यात जिथे मोठे कारखाने नाहीत आणि कित्येक घरं अजून डोंगरउतारावरच्या झूम शेतीवर, म्हणजे जंगल तोडून-जाळून केलेल्या फिरत्या शेतीवर चालतात!

सुरुवात कधीची माहितीये? लॉरेन आणि सॅव्हिज हे दोन मिशनरी इथे आले जानेवारी १८९४ मध्ये, त्यांनी मिझो भाषेला रोमन लिपी दिली. पहिले दोन बाप्तिस्मे झाले १८९९ मध्ये. आणि १९१० मध्ये बायकांनी ही मूठ काढायला सुरुवात केली पण! म्हणजे मंडळी स्वतःच नवीकोरी, जेमतेम उभी राहिलेली, तरी दुसरीकडे सुवार्ता पोचवायची काळजी तिला लागलेली. मला यातलं हेच सगळ्यात मोठं वाटतं. आधी आपलं चर्च पक्कं बांधू, शिल्लक उरली तर बाकीच्यांचं बघू, असा हिशोब त्यांनी केलाच नाही.

आणि लगेच १९११ मध्ये आला मौताम. बांबूला फुलोरा आला की उंदीर बेसुमार वाढतात, शेतंच्या शेतं फस्त करतात आणि मग दुष्काळ. त्या काळात एक मूठ तांदूळ म्हणजे काय, हे ज्या आईला पोरांना जेवायला घालायचंय तिलाच विचारावं. त्यातूनही ही पद्धत टिकली, शंभरच्या वर वर्षं झाली.

बरं, नुसता तांदूळच नाही. काही मंडळ्या मिशनसाठी वेगळा मळा लावतात, कुठे बायका रानातून सरपण आणून विकतात. १९६१ मध्ये सिनॉडचं मिशन बोर्ड झालं, तेव्हापासून माणसं पाठवायचं काम तिथून चालतं. ती मिझोरामबाहेर जातात, भारतातल्या इतर राज्यांत आणि परदेशातही.

नव्या गावात गेल्यावर पहिलं काम भाषा शिकणं. मग कुणाच्या तरी घरात प्रार्थना, चार-पाच माणसं, पोरांसाठी शाळा किंवा संडे स्कूल, आणि यात वर्षं जातात हां, कुणी घाई करत नाही, करूही नये. हळूहळू तिथलीच माणसं वडील, म्हणजे मंडळीचे पुढारी, म्हणून निवडली जातात, तिथलाच कुणीतरी शिकून पाळक, म्हणजे पास्टर होतो. त्यानंतर उपासना कोण घेणार, दान कुठे जाणार, छप्पर गळतंय तर काय करायचं, हे ती मंडळी आपलं आपण ठरवायला लागते, आणि तिकडचा मिझो सुवार्तिक पुढच्या गावाला जायला मोकळा होतो.